काजळ म्हणायचं नाही

“आधी पंखा बंद करा, मग बोलतो.”

उके काकांनी आमच्या खोलीच्या दारात उभं राहून उच्चारलेलं पहिलं वाक्य हे. महिना मे. खोली सदाशिव पेठेतली, तिसऱ्या मजल्यावर, थेट पत्र्याखाली. भिंतीपलीकडे स्पर्धा परीक्षांचा क्लास. कामगारांच्या आरोग्यावर काम करणारा आमचा पाच-सहा जणांचा गट तिथे बसतो आणि पत्रकं लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. आत येणारा प्रत्येक जण पंखा वाढवा म्हणतो. बंद करा म्हणणारा हा पहिलाच. मी म्हटलं, “काका, उकडून मरू आपण.”

“उकडून कोणी लगेच मरत नाही, ताई.”

पंख्याची पाती पूर्ण थांबेपर्यंत ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मग आत आले, पडदा ओढला, पिशवीतून टॉर्च काढला आणि टेबलावर आडवा धरला. उजेडाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती, सगळ्यांच्या घरात असते तशी.

“हे दिसून राहिलं ना, ते बरं,” ते म्हणाले. “हे नाकात अडकते, शिंकलं की बाहेर. मी ज्याच्यासाठी आलो ते सुटं झालं की उजेडातही दिसत नाही. पट्टा साफ दिसते आणि माणूस म्हणते, चला, हवा चांगली आहे.”

मी नकळत ओढणी नाकावर धरली.

वासुदेव उके. मूळ भंडाऱ्याकडचे. पुण्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून उभा जन्म गेला, आणि निवृत्त झाल्यावर धायरीकडच्या एका शेडमध्ये स्टोअर सांभाळायला लागले. तिथे एक काळी पूड यायची. कार्बनचीच, पण केसाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही बारीक अशा नळ्यांची. वीज वाहून नेणाऱ्या रंगांत, बॅटऱ्यांत ती मिसळतात. शेडमधल्या सहा बायका ती पोत्यातून काढून, वजन करून, पाकिटांत भरायच्या. कोरडीच. पंख्याखाली. संध्याकाळी जमीन झाडूनं झाडायची आणि कोपऱ्यांतलं ब्लोअरनं उडवायचं. पूड इतकी हलकी, की पोत्याचं तोंड सोडलं की ती आपण होऊन वर यायची, जणू पोतं उसासा टाकतंय.

काकांचं मागणं दोन ओळींचं. पूड वजन करायची ती खोली बंद व्हावी. पूड ओली करून नाहीतर बंद पेटीत हाताळावी. आणि दुसरं, हे सगळं त्यांचं नाव न येता व्हावं.

“मी भित्रा माणूस आहे, ताई. शेडात मले भागूबाईच म्हणतात.”

माझ्या पत्रकांत भित्रा माणूस नसतो. माझ्या पत्रकांत मुठी असतात. मला आवडले नाहीत काका त्या दिवशी, खरं सांगते. नाव द्यायचं नाही, सही करायची नाही, आणि लढाई मात्र आम्ही जिंकून आणून द्यायची!

घाबरणं हा त्यांचा स्वभाव नव्हता, दिनक्रम होता. दत्तवाडीतल्या घरी कुकर लावला की काका चप्पल घालून बाहेर. तिसरी शिट्टी झाली की परत. लिफ्टमध्ये कधी बसले नाहीत. स्वारगेटला रस्ता ओलांडायचा तर एखादी म्हातारी शोधायचे आणि तिच्या मागून जायचे. “तिच्यासाठी गाड्या थांबतात. माझ्यासाठी काहून थांबतील?” गोळीच्या पाकिटावरची तारीख मेडिकलवाल्याला दोनदा वाचायला लावायचे. तो एकदा वैतागून म्हणाला, “काका, एवढं भीत जगण्यापेक्षा मेलेलं बरं.” काका म्हणाले, “त्याचीही तारीख वाचून सांगा.”

शेडमध्ये कुणी भागूबाई म्हणून हाक मारली की शांतपणे ‘ओ’ द्यायचे. मी एकदा विचारलं, राग नाही येत? तर म्हणाले, “भेव म्हणजे मीटर आहे, ताई. काटा हलला की वाचून घ्यायचं. लोक मीटरलेच शिव्या देते.” एरवी काकांची मराठी कॉलेजच्या नोटीस बोर्डासारखी नीट. घाबरले की मात्र भंडारा वर यायचा, ‘मला’चं ‘मले’ व्हायचं. आमच्या खोलीत ते जवळजवळ पूर्ण वेळ भंडाऱ्यातच बोलले.

ते आमच्याकडे का आले, ते त्यांनी शेवटी सांगितलं. मध्ये दोन ग्लास पाणी झालं.

शेडमध्ये वंदना नावाची यवतमाळकडची मुलगी वजनकाट्यावर होती. घरी तेव्हा सहा महिन्यांचा मुलगा. सासू गावी गेली म्हणून एका शनिवारी ती बाळाला घेऊन कामावर आली. बायकांनी त्याला हातोहात फिरवलं. कुणीतरी म्हणालं, “अगंबाई, केवढा गोंडस! दृष्ट लागेल गं.” वंदनानं हसत पोत्याच्या तोंडाशी बोट टेकवलं आणि बाळाच्या गालावर तीट लावली.

कारण शेडमध्ये त्या पुडीला सगळ्या काजळ म्हणायच्या. कागदावर इंग्रजी नाव होतं, हातभर लांब. ते कोण घेणार? काळी, मऊ, तुपकट, बोटाला चिकटणारी. काजळच की! शेड चालवणारा साहेबही म्हणायचा, “मावशी, आज काजळाची दोन पोती येतील.”

“मी पाहिलं आणि माझा आवाजच गेला,” काका म्हणाले. “रुमाल ओला केला, पुसायला गेलो. पुसलं की पसरे. गाल काळा, कान काळा. पोट्टं रडायले लागलं. रुबीना म्हणे, काका, दृष्ट काढून राहिले का लावून राहिले?”

रुबीनाआपा म्हणजे त्या सहाजणींतली सगळ्यात जुनी. भवानी पेठेतल्या, पिढ्यान्‌पिढ्या पुण्याच्या, आणि तोंडही पुण्याचंच.

मी पत्रकवाली. लगेच म्हटलं, “काका, गालावर लागल्यानं तसं फारसं काही होत नसावं. धोका श्वासाचा आहे.”

काकांनी रिकामा ग्लास बाजूला सारला. मग हळू म्हणाले, “मले माहीत आहे. गालाचं नाही भेव. काजळ म्हटलं ना, की पोराच्या नाकाजवळ नेताना आईचा हात थांबत नाही. त्याचं भेव.”

त्या दिवसानंतर मी त्यांना भित्रा म्हणणं बंद केलं. भ्यायला मात्र लागले. उगाच घाबरवायचं नाही म्हणून लिहून ठेवते: या नळ्या माणसाच्या फुप्फुसात नेमकं काय करतात, हे अजून कुणी छातीठोक सांगत नाही. पण त्यांतल्या लांब, ताठ नळ्या ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारख्या वागतील अशी भीती जाणकारांना आहे. आणि माहीत नाही म्हणजे धोका नाही, हे गणित फक्त मालकाच्या फायद्याचं आहे.

काका कुणालाच नाही म्हणू शकत नसत. साहेबासमोर तर नाहीच. त्यामुळे त्यांनी भित्र्या माणसाच्या पद्धतीनं लढाई केली: त्यांनी झाडू लपवले.

स्टोअरची किल्ली त्यांच्याकडे. एक दिवस झाडू गायब. साहेबानं नवा आणवला, तोही गायब. “उके, झाडू कुठंय?” “उंदरानं नेला असेल, सर.” एवढा मोठा झाडू? “उंदीरही मोठे झाले आहेत, सर.” झाडू सापडेना म्हणून बायका ओल्या फडक्यानं जमीन पुसू लागल्या, आणि काकांना तेच हवं होतं. ब्लोअरचं तोंड तर त्यांच्या हातून गटारात पडलं. पुढे स्टोअरच्या माळ्यावर अकरा झाडू सापडले, ओळीनं आडवे, उभा एकही नाही. लक्ष्मी ना ती.

दुसरी लढाई शब्दाची. त्यांच्या गावाकडे सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. नाव घेतलं की येतो म्हणून. काकांनी पुडीला जनावर म्हणायला सुरुवात केली. कुणी काजळ म्हटलं की काका ऐकूच आलं नाही असं दाखवायचे, स्टोअरची खिडकी उघडायचेच नाहीत. “काका, काजळाची पिशवी द्या.” शांतता. “काका!” शांतता. “बरं बाबा, जनावराची पिशवी द्या.” मग खिडकी उघडायची. महिन्याभरात सगळ्यांच्या तोंडी तेच झालं. जनावर ओलं केलं की झोपतं. कोरडं झालं की उठतं. पोत्याचं तोंड हळू सोडायचं, जनावर जागं व्हायला नको. शब्द बदलला आणि हात आपोआप सावकाश झाले. माझ्या एकाही पत्रकानं आजवर एवढं केलेलं नाही.

माझं पत्रक? त्याची हकीकत सांगायलाच हवी. मी दोन रात्री खपून लिहिलं होतं: ‘अब्जांश कणांचा विळखा! कष्टकरी भगिनींनो, जाग्या व्हा!’ खाली ‘नॅनो’ या शब्दाची चौकट. शेडच्या गेटवर वाटलं. रुबीनाआपांनी वाचलं आणि विचारलं, “नॅनो म्हणजे ती छोटी गाडी होती, तीच ना? ती इथे कुठे आली?” काकांनी पत्रक घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “चांगलं आहे, ताई. पण त्या जाग्याच आहेत. पाचला पाणी येतं.”

मग त्यांनी त्यांच्या पद्धतीनं दाखवलं. पुण्यातल्या स्कूटीवाल्या मुलींसारखा या सगळ्या तोंडाला स्कार्फ गुंडाळून काम करायच्या आणि निर्धास्त असायच्या. डबा खायच्या सुट्टीत काकांनी रुबीनाआपांच्या हातात कापसाचा बोळा दिला. “स्कार्फ काढा आणि हा नाकपुडीच्या आतून फिरवा.” आपांनी हसत फिरवला. बोळा बाहेर आला तो काळा. त्यांनी दुसऱ्या नाकपुडीत फिरवला. तोही काळा. मग तो बोळा एकीकडून दुसरीकडे गेला, सहाजणींनी पाहिला, आणि त्या दिवशी डबा कुणीच संपवला नाही. वंदनानं फक्त एवढंच विचारलं, “नाकात एवढं, तर आत किती?”

 दुसऱ्या दिवशी काकांनी सोवळं सुरू केलं.

हो, सोवळं. कामाचे कपडे वेगळे, ते शेडमध्येच ठेवायचे, त्या कपड्यांनी घरच्या पिशवीला शिवायचं नाही. कोपरापर्यंत हात, तोंड धुतल्याशिवाय डब्याला हात नाही. घरी मूल घ्यायच्या आधी अंघोळ. खरा मास्क येईपर्यंत खिडकीकडून वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं. नियम म्हणून सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं, पण सोवळं म्हटल्यावर एका शब्दात कळलं. रुबीनाआपा म्हणाल्या, “आमच्यात सोवळं नसतं, काका.”

“मग वजू समजा. पाणी तेच.”

मी मात्र भडकले. हा शब्द? आणि काकांच्या तोंडी? मी त्यांना सुनावलंच, की या शब्दानं किती पिढ्या बाहेर उभ्या ठेवल्या हे तुम्हाला मी सांगायला हवं का.

“माझी आजी होती बाहेर उभी,” ते म्हणाले. “विहिरीपासून वीस हात. कोणी पाणी वाढेपर्यंत दुपार व्हायची. एवढं मजबूत हत्यार आहे, ताई. माणसांवर चालवलं ते पाप. या पुडीवर चालवलं तर काय बिघडलं?”

 मला गप्प बसवणारे लोक मोजके आहेत.

पण सोवळ्यानं खोली बंद होत नव्हती. आम्ही साहेबाला भेटलो. तो तरुण, शिकलेला, बोलायला गोड. वाईट माणूस नव्हता, हे लिहायला मला जड जातं. तो स्वतःही त्या खोलीत मास्कशिवाय उभा राहायचा. त्यानं सुरक्षा-पत्रक आमच्यापुढे टाकलं. त्यावर लिहिलेलं: कार्बन. पेन्सिलीतल्या शिशाचं पत्रक होतं ते, तसंच्या तसं उचललेलं! “पेन्सिलीला घाबरता का तुम्ही?” असं म्हणून तो हसला. काका कोपऱ्यात उभे होते. जिन्यात आल्यावर माझ्या कानाशी म्हणाले, “पेन्सिल उडत नाही.” मी म्हटलं, हे आत का नाही बोललात? “आत बोललो असतो तर ते माझ्या नावावर लागलं असतं.”

शेवटी आमच्या गटानं तक्रार केली, आणि कारखान्यांची तपासणी करणारे अधिकारी यायचे ठरले. मी काकांना विनवलं, रागावले, दोनदा ओरडलेही. आतला एक माणूस नावानिशी बोलला नाही तर अधिकारी कागद बघून चहा पिऊन जातील. वंदना पुन्हा त्याच काट्यावर बसेल आणि तिचं दूध पिणारं मूल तिच्या केसांतलं जनावर हुंगत झोपेल. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम बोलले. काकांनी पिशवी उचलली. “ताई, माझ्याच्यानं नाही होत,” म्हणाले.

त्या दिवशी मला गेटच्या आत घेतलं नाही. पुढचं मला रुबीनाआपांनी सांगितलं, तीन वेळा, आणि तिन्ही वेळा तसंच.

अधिकारी आले. वयस्कर, कंटाळलेले. पत्रक पाहिलं, कार्बन वाचलं, मान हलवली. सहा बायका ओळीनं उभ्या. “कुणाला काही त्रास?” कुणी बोललं नाही. वंदना जमिनीकडे बघत होती. काका स्टोअरच्या खिडकीमागे, अर्धे दिसत होते. “बरं, खोली बघून घेऊ,” असं म्हणून अधिकारी वजनाच्या खोलीकडे वळले. तोंडावर काही नाही. साहेब दार उघडायला पुढे झाला. आत कालच्या पोत्याचं तोंड सुटंच होतं आणि पंखा चालू होता.

काका धावले. आपा म्हणाल्या, काकांना धावताना आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी अधिकाऱ्यांची बाही दोन्ही हातांनी धरली.

“आत नका जाऊ, साहेब. हात जोडतो.”

“का?”

“मले भेव वाटते.”

साहेब हसला. “सर, हे आमचे भागूबाई. यांना कुकरचीही भीती वाटते.”

अधिकारी हसले नाहीत. बाही सोडवून घेतली नाही. “तुमच्यासाठी भीती वाटते, की माझ्यासाठी?”

“आत्ता तुमच्यासाठी,” काका म्हणाले. “एरवी यांच्यासाठी.”

आणि मग बोलले. पोतं, पंखा, झाडू, ब्लोअर, शिशाचं पत्रक, कापसाचा बोळा, सगळं. भंडाऱ्याच्या बोलीत, मध्ये मध्ये थांबून, बाही न सोडता. त्यांचं संपल्यावर रुबीनाआपा बोलल्या. मग वंदना. अधिकाऱ्यांनी बाहेरच खुर्ची मागवली आणि विचारलं, “लिहून द्याल?” काकांनी दिलं. हात इतका कापत होता की तिन्ही पानांवरच्या सह्या तीन वेगवेगळ्या माणसांच्या वाटतात. मी त्या पाहिल्या आहेत.

म्हणजे मी ज्याला शौर्य म्हणत होते ते त्या दिवशी तिथे नव्हतंच. एका अनोळखी माणसाच्या श्वासाची भीती साहेबाच्या भीतीपेक्षा मोठी ठरली, एवढंच झालं.

खोलीला टाळं लागलं. काही महिन्यांनी काचेची बंद पेटी आली, हातमोजे आतच बसवलेले, हवा गाळून बाहेर सोडणारी. घट्ट बसणारे मास्क आले. पूड आता बहुतेक पातळ लापशीच्या रूपातच येते. काकांना मात्र पेटी यायच्या आधीच ‘स्टोअरची गरज उरली नाही’ असं सांगून घरी पाठवलं. आम्ही पत्रक काढलं, निषेध केला. उपयोग झाला नाही. तेही इथे लिहून ठेवते.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत. दुपारची वेळ, माणसाला माणूस घासून चाललेला. ते रेडिओचा सुटा भाग शोधत होते. मी उत्साहानं बातमी दिली, की सहाजणींची नळीत फुंकायची तपासणी झाली, छातीचे फोटो झाले, सगळं नॉर्मल आलं. त्यांच्याबरोबर तुमची केली होती ना, तीही नॉर्मल आहे, काका.

त्यांनी मान डोलावली. आनंद झालेला दिसला नाही. मग मला दुकानाच्या पायरीवर बाजूला घेतलं आणि नीट, नोटीस बोर्डाच्या मराठीत विचारलं, “पेटी येण्याच्या आधीची दोन वर्षं आहेत ना, ताई. त्यांचं किती दिवसांनी कळतं?”

मला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर छापून तयार ठेवायची सवय. मी म्हटलं, “माहीत नाही, काका. कुणालाच नक्की माहीत नाही. वर्षंही लागत असतील.”

“म्हणजे वंदनाचा मुलगा शाळेत जाईल तेव्हा.”

“किंवा कधीच काही होणार नाही.”

“हो. तसंही असेल,” ते म्हणाले. “तपासणी सोडू देऊ नका तिला. नॉर्मल आलं की लोक सोडतात.” मी शब्द दिला. त्यांनी पिशवी खांद्यावर घेतली आणि गर्दीत शिरले.

वीसेक पावलं गेल्यावर ते थांबले. एका उभ्या स्कूटरच्या सीटवर हात टेकला, मान खाली घातली. पुढे हातगाडी आडवी आली होती, वाट बंद होती. त्यासाठीही थांबले असतील. किंवा दम लागला असेल. पाठीकडून मला सांगता येईना. हातगाडी निघून गेली, वाट मोकळी झाली. काकांचा हात अजून सीटवरच होता.